सुरतेची कसोटी

सुरत म्हटली की मराठी मनास प्रथम आठवतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे या शहराचे नाव मराठी इतिहासात कायमचे कोरले गेले, आणि त्या स्वाऱ्यांस कारण झाली ती शहराची अपार संपत्ती. तापीच्या मुखाजवळ वसलेले हे मोगलांचे बंदर. येथून मक्केचे यात्रेकरू जहाजात बसत, येथे इंग्रजांच्या आणि डचांच्या वखारी होत्या, आणि येथल्या सराफांच्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटत. नाना टांकसाळींची नाणी या बाजारात एकत्र येत. अशा ठिकाणी रुपया कोणाच्या हातून आला यावरून त्याचे मोल ठरवून भागत नसे. सराफ तो वाजवून पाही, तोलून पाही. सोन्याचा जिन्नस असला तर कसोटीच्या दगडावर घासून पाही. देणारा कितीही प्रतिष्ठित असो, या परीक्षेचा त्याला राग येत नसे. कारण ती व्यवहाराची रीतच होती.

हीच रीत मनुष्याच्या समजुतींना लावणे, याचे नाव शास्त्रीय पद्धती. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु जो मनुष्य खोटा रुपया मुकाट्याने परत घेतो, तोच आपली एखादी समजूत तपासून पाहू म्हणणाऱ्यावर संतापतो. नाणे खोटे निघाले तर एक रुपया जातो. समजूत खोटी निघाली तर अभिमान दुखावतो, आणि कधी कधी पोटही दुखावते. सुरतेच्या इतिहासात दीडशे वर्षांच्या अंतराने असे दोन प्रसंग घडले की, त्यांत या पद्धतीचे बळ आणि तिची अवघड बाजू या दोन्ही गोष्टी उघड दिसून येतात.

पहिला प्रसंग १८४४ सालचा. त्या काळी सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेत दुर्गाराम मंछाराम नावाचे शिक्षक होते. मराठीत ज्याला पंतोजी म्हणत, त्याला गुजरातेत मेहताजी म्हणतात; दुर्गाराम मेहताजी याच नावाने ते ओळखले जात. त्याच सुमारास मुंबईचे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेस इंग्रजी शाळेवर होते. मराठी वाचकास दादोबा ठाऊक आहेत ते व्याकरणकार म्हणून. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. या दोघांनी आणि त्यांच्या काही स्नेह्यांनी मिळून २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. धर्म, जातिभेद, रूढी यांची सभेत चर्चा होई. परंतु नगरात खळबळ उडाली ती सभेच्या एका निराळ्याच उपक्रमाने. मंत्राने भूत काढतो, मूठ मारतो, जारणमारण करतो असे सांगणाऱ्या मांत्रिकांना सभेने जाहीर आव्हान दिले: तुमच्या अंगी जी शक्ती आहे ती चारचौघांसमक्ष दाखवा.

आज या आव्हानाचे महत्त्व ध्यानी येणे कठीण आहे. त्या काळच्या गृहस्थाच्या घरी मूल तापाने फणफणले, गाय आटली, सून गप्प राहू लागली, की पहिले बोलावणे मांत्रिकास जाई. त्याच्या शब्दावर एखाद्या निराधार बाईस चेटकीण ठरवले जाई आणि तिचे जिणे नकोसे होई. मांत्रिकावर अविश्वास दाखवणारे लोक पूर्वीही होते. पण ते घरात बसून हसत. मेहताजी आणि दादोबा यांनी हसण्याऐवजी परीक्षा मागितली. जो दावा आहे तो आधी स्पष्ट सांगावा. तो खरा असेल तर काय घडेल आणि खोटा असेल तर काय घडणार नाही हे प्रयोगापूर्वीच ठरावे. प्रयोग सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावा. आणि निकाल दोन्ही पक्षांनी मान्य करावा. शास्त्रीय पद्धतीची ही पहिली अट. सुरतेतल्या दोन शिक्षकांजवळ त्या वेळी ना प्रयोगशाळा होती, ना सूक्ष्मदर्शक यंत्र. पण त्यांच्या आव्हानात ही अट पुरी होत होती.

दादोबांसारख्या व्याकरणकारास ही वृत्ती साधावी यात नवल नाही. व्याकरणकार लोकांच्या तोंडची रूपे गोळा करतो, त्यांतून नियम बांधतो, आणि मग त्या नियमास न जुमानणारे एक रूप कोठून तरी समोर येऊन उभे राहते. अशा वेळी रूप चुकीचे आहे असे म्हणून चालत नाही. नियमच पुन्हा लिहावा लागतो. दादोबांनी पुढील आवृत्त्यांत आपल्या व्याकरणात स्वतःच फेरफार केले आणि भर घातली. ते नास्तिक नव्हते. ईश्वरावर त्यांची निष्ठा अखेरपर्यंत होती. तरीही ईश्वराच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट ईश्वराची असते असे ते मानीत नसत. श्रद्धा आणि परीक्षा यांचे हाडवैर असते अशी जी समजूत आहे, तिला दादोबांचे चरित्र हेच उत्तर आहे.

१८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले, आणि सभा मावळली. मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. तिच्यामागेही दादोबांची प्रेरणा होती. मात्र ती गुप्त होती. जातिभेद मोडण्याची शपथ बंद दाराआड घेतली जाई. १८६० साली सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा संपली. उद्देश जवळजवळ तेच, माणसेही काही अंशी तीच. पण एक सभा चव्हाट्यावर बोलली, दुसरी कोपऱ्यात. समाजाच्या भीतीने सुधारकांना गुप्तता पत्करावी लागली हे समजण्यासारखे आहे. तथापि जे सत्य कोपऱ्यात राहते, त्याची परीक्षा होत नाही, आणि ज्याची परीक्षा होत नाही ते दुसऱ्याच्या पदरात घालता येत नाही. सुरतेच्या सभेचे आयुष्य अल्प ठरले, पण तिने निवडलेली जागा योग्य होती.

असे असले तरी सभेच्या मार्गात एक उणीव होती, आणि ती सांगितल्यावाचून शास्त्रीय पद्धतीचे पुढचे पाऊल समजणार नाही. मांत्रिक परीक्षेस आला नाही, किंवा आला आणि हरला, तर त्या मांत्रिकाचा दावा पडतो. परंतु गावकरी विचारतो, ‘आमच्या शेजाऱ्याला साप चावला होता; मंत्र घातला आणि तो वाचला. मग ते कसे?’ गावकरी खोटे बोलत नसतो. शेजारी खरोखरीच वाचलेला असतो. पण आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. तेव्हा मंत्र न घालताही वाचणारे पुष्कळ असतात. त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. मंत्राने वाचलेला दिसतो. मंत्रावाचून वाचलेला दिसत नाही. म्हणून ‘अमुक केले आणि तमुक झाले’ एवढ्यावरून एकाचे कारण दुसऱ्यास चिकटवता येत नाही. ज्यांच्या बाबतीत अमुक केले नाही, त्यांचे काय झाले, हेही पाहावे लागते. तुलना ही शास्त्रीय पद्धतीची दुसरी अट.

ही अट किती कठोर असते ते सुरतेच्या उत्तरेस, बडोद्याजवळच्या उंधेरा या खेड्यात १८९८ साली दिसून आले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता पश्चिम हिंदुस्थानभर पसरला. या रोगाचा जंतू अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे सापडला होता. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी त्या जंतूपासून प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. याने लस सुरक्षित असल्याचे सूचित झाले. पण ती प्लेगपासून वाचवते हे सिद्ध झाले नाही. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली, आणि न टोचलेल्यांच्या मानाने त्यांची स्थिती पुष्कळच चांगली राहिली. तरीही शंकेखोरास विचारता येत होते, की जे आपण होऊन पुढे आले तेच मुळात अधिक धडधाकट किंवा अधिक सावध नसतील कशावरून?

या शंकेस उत्तर म्हणून उंधेऱ्यात हाफकिन यांनी निराळी योजना केली. गावात प्लेग होताच. तेथे त्यांनी एकेक कुटुंब घेतले आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे अर्ध्या माणसांस लस टोचली, अर्ध्यांस टोचली नाही. त्यामुळे घर एक, अन्न एक, पाणी एक, उंदीर आणि पिसवाही त्याच. फरक उरला तो फक्त लशीचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांची मोजणी झाली. लस न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील २६ जण दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना तो झाला आणि ३ जण दगावले. लशीच्या बाजूने याहून प्रभावी वकिली कोणत्याही वक्त्यास करता आली नसती.

हे आकडे वाचताना त्या २६ जणांचा विसर पडू नये. एकाच ओसरीवर झोपणाऱ्या भावंडांपैकी एकास टोचले, दुसऱ्यास टोचले नाही, आणि दुसरा गेला. आज असा प्रयोग करावयाचा झाल्यास भाग घेणाऱ्याची समजून दिलेली संमती आणि नीतिविषयक समितीची मान्यता आवश्यक मानली जाते, आणि एका बाजूचा लाभ स्पष्ट दिसू लागताच प्रयोग थांबवावा लागतो. हे नियम पुढच्या काळाने अनुभवातून घालून घेतले. ज्ञान फुकट मिळत नाही. म्हणूनच ते मिळाल्यावर वाया घालवण्याचा अधिकार कोणास नाही.

आता दुसरा प्रसंग. १९६६ नंतर भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. हा रोग पुस्तकात उरला असे डॉक्टरांनाही वाटू लागले होते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या मामला या गावात पिसवांचा त्रास वाढला, आणि पाठोपाठ जांघेत व काखेत गाठी आलेले तापाचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या भूकंपाने रानउंदीर वस्तीकडे आले असावेत असा तर्क काही जणांनी केला. तर्क संभवनीय होता. पण जे संभवनीय आहे ते सर्वच घडलेले नसते. पुढे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत ताप, छातीत दुखणे आणि थुंकीतून रक्त पडणे अशी लक्षणे असलेले रुग्ण येऊ लागले, आणि त्यांतील काही एकदोन दिवसांत मरण पावले. फुप्फुसाचा प्लेग हा शब्द उच्चारला गेला.

त्या एका शब्दाने शहर रिकामे होऊ लागले. हिऱ्यांना पैलू पाडणारे, यंत्रमागावर राबणारे, खानदेशातून आणि दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावी निघाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. रोगी आणि निरोगी दोघेही त्या खाऊ लागले. परदेशांनी विमाने थांबवली, माल नाकारला. प्रत्यक्षात मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास होती. भीतीने केलेले नुकसान रोगाने केलेल्या नुकसानीहून कितीतरी पटीने मोठे होते.

आणि याच गोंधळात विद्वानांत वाद पेटला: हा खरोखरीच प्लेग आहे काय? शंका घेणाऱ्यांची कारणे पोकळ नव्हती. फुप्फुसाचा प्लेग माणसापासून माणसास झपाट्याने लागतो. मग शुश्रूषा करणारे डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक यांच्यात रोगाचा फैलाव इतका थोडा कसा? सुरतेत मेलेल्या उंदरांचे ढीग का दिसले नाहीत? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद दिसणारे जंतू आढळले खरे, पण तसे दिसणारे दुसरेही जंतू असतात. मेलिऑयडोसिससारख्या निराळ्या रोगांची नावे पुढे आली. केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली. समितीने पुरावा तपासला आणि तो प्लेगच्या बाजूचा असल्याचे सांगितले. तरी वाद लगेच शमला नाही.

न शमण्याचे कारण बोधप्रद आहे. जंतू ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे रोग्याच्या शरीरातून तो घेऊन प्रयोगशाळेत वाढवणे. परंतु औषध पोटात गेलेल्या रोग्याच्या शरीरातला जंतू सहसा वाढत नाही. नमुने औषधापूर्वी घ्यावयास हवेत, त्यांवर तारीख व तपशील लिहावयास हवा, ते योग्य रीतीने जपावयास हवेत. पहिल्या दिवसांच्या धावपळीत हे पुरेशा प्रमाणात झाले नाही, अशी टीका पुढे झाली. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खात्री होईपर्यंत उपचार रोखून धरावेत असे शास्त्र कधीही सांगत नाही. घराला आग लागल्याचा संशय आला तर आधी घागर ओतावी; ज्या डॉक्टरांनी प्लेग गृहीत धरून लगेच औषध दिले त्यांनी योग्य तेच केले. पण औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी थुंकीचा एक नमुना घेण्यास काही क्षण पुरतात. ते क्षण गमावले की पुढे वर्षानुवर्षे वाद घालावा लागतो. पुरावा वेळीच आणि नीट नोंदवणे ही शास्त्रीय पद्धतीची तिसरी अट. १८४४ च्या सुरतेजवळ प्रश्न होता, साधने नव्हती. १९९४ मध्ये साधने जगात होती, पण ती वेळेवर हाताशी लावण्याची शिस्त अपुरी पडली.

तरीही अखेर निकाल लागला, आणि तो आरडाओरडीने लागला नाही. जे थोडे नमुने हाती होते त्यांतून जंतू वेगळे केले गेले. १९९६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सुरत आणि बीड येथील जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. २००० साली हैदराबादच्या संशोधकांनी दुसऱ्या रीतीने तीच परीक्षा केली. दोन्हींचे उत्तर एकच आले: जंतू प्लेगचाच. एकाने म्हटले म्हणून ते मान्य झाले नाही. निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या मार्गांनी तेच उत्तर आले म्हणून ते मान्य झाले. ज्यांनी आरंभी शंका घेतली ते शास्त्राचे शत्रू ठरले नाहीत. त्यांच्या शंकांमुळेच परीक्षा अधिक कसून झाली. शास्त्रात शंकेखोराचे स्थान मानाचे असते. अट एवढीच, की पुरावा आल्यावर त्याने आपला हट्ट सोडावा.

या कथेचा एक शेवटचा धडा आहे. १९९५ साली एस. आर. राव सुरतेचे महापालिका आयुक्त झाले. कचरा रोजच्या रोज उचलला जाऊ लागला, अधिकाऱ्यांना कचेरीतून उठून रस्त्यावर जावे लागले, आणि जे शहर घाणीसाठी कुप्रसिद्ध होते त्याची १९९६ साली ‘इंटॅक’ या संस्थेने देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून गणना केली. तेव्हापासून पुष्कळ जण सांगतात, की स्वच्छतेने सुरतेचा प्लेग घालवला. वाक्य कानास गोड लागते, पण तारखा त्याला साक्ष देत नाहीत. प्लेग १९९४ च्या शरद ऋतूतच ओसरला होता. स्वच्छतेची मोहीम त्यानंतर आली. नंतर आलेली गोष्ट आधी घडलेल्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही. स्वच्छतेचे मोल याने कमी होत नाही. उंदीर, डास आणि दूषित पाणी यांपासून पसरणाऱ्या रोगांविरुद्ध ती उत्तम ढाल आहे. पण चांगल्या गोष्टीच्या पदरी खोटे श्रेय घालणे हीसुद्धा खोट्या नाण्याची देवघेवच होय. मांत्रिकाच्या दाव्यास जी कसोटी लावली, तीच स्वतःस प्रिय असलेल्या दाव्यास लावता आली तरच ती कसोटी खरी.

दुर्गाराम मेहताजींच्या काळचे मांत्रिक पुरते गेले असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी वेष पालटला आहे. कोठे ते रामबाण औषध विकतात, कोठे एका रात्रीत रोगाचे मूळ सांगतात, आणि साथीच्या दिवसांत त्यांची वाणी वाऱ्यासारखी पसरते. त्यांना ओळखण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. तुमचे म्हणणे खोटे असेल तर ते कशावरून कळेल, ज्यांनी तुमचा उपाय केला नाही त्यांचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले आहे काय, आणि दुसऱ्या कोणास त्याचा पडताळा आला काय, एवढे चार प्रश्न पुरेत. खऱ्या ज्ञानाचा धनी या प्रश्नांनी रागावत नाही. सुरतेच्या पेढीवर रुपया ठेवणारा सावकार जसा सराफाच्या हातातील कसोटीकडे शांतपणे पाहत उभा राही, तसा तोही उभा राहतो.